घर घेताना कोण कुणाचा माणूस: एका जुन्या फ्लॅटच्या खरेदीचं प्रकरण

मी पुण्यात मालमत्तेच्या कागदपत्रांचं काम करणारी वकील आहे. हे प्रकरण २०२४ च्या दिवाळीनंतर सुरू झालं आणि एप्रिल २०२५ मध्ये संपलं. संबंधितांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कायद्याचे आणि कराचे आकडे मात्र त्या वेळी लागू होते तेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

घेणारं जोडपं चाळिशीच्या आतबाहेरचं. ती शाळेत शिक्षिका, तो एका कारखान्यात नोकरीला. बारा वर्षं भाड्याच्या घरात काढलेली. त्यांना पुण्याच्या पश्चिम भागातल्या, १९९४ साली बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट आवडला. दोन बेडरूम, शिवाय एक छोटी 'जादाची खोली', जिथे मुलाचं अभ्यासाचं टेबल मावेल. किंमत ८२ लाख सांगितली होती.

फ्लॅटचे मूळ मालक २०२१ मध्ये वारले. त्यांनी सोसायटीत मुलाचं नामनिर्देशन केलेलं होतं, त्यामुळे सोसायटीने भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) मुलाच्या नावावर करून दिलं होतं. व्यवहार मुलगाच बोलत होता. ब्रोकर दोन्ही बाजूंचा एकच. त्याच्याकडे सगळी सोय होती: कर्ज करून देणारा माणूस, करारनामा तयार करणारा वकील, दुय्यम निबंधक कार्यालयातलं काम बघणारा मुलगा. "तुम्ही फक्त सह्यांना या," असं तो म्हणायचा. दोघांना नोकरीतून सुट्टी मिळणं अवघड, त्यामुळे हे वाक्य त्यांना फार मोठा आधार वाटलं. ते मी समजू शकते.

त्यांनी एक लाख रुपये टोकन दिलं. पावती साध्या कागदावर, सही एकट्या मुलाची, आणि खाली एक ओळ: घेणाऱ्याने माघार घेतल्यास रक्कम परत मिळणार नाही.

अडचण

माझ्याकडे ते आले ते निव्वळ योगायोगाने. तिच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंचं काम मी पूर्वी केलं होतं. त्या म्हणाल्या, "मॅडमना एकदा कागद दाखव." डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती एका प्लॅस्टिकच्या पिशवीत झेरॉक्स घेऊन आली: मूळ करारनामा, सूची क्रमांक २ (दस्त नोंदणीचा उतारा), भाग प्रमाणपत्र, मिळकत कराची पावती आणि ती टोकनची पावती.

मी पहिला प्रश्न विचारला, "वडिलांच्या मागे कोण कोण आहे?"

"आई आहे. आणि एक बहीण, कॅनडात असते. पण ते म्हणाले, तिचं लग्न झालंय, तिला काही नकोय."

तिथेच सगळा व्यवहार थांबला. नामनिर्देशन म्हणजे मालकी नाही. सोसायटीने पत्रव्यवहार कुणाशी करायचा, हे त्यातून ठरतं, वारसाहक्क ठरत नाही. मृत्युपत्र नव्हतं. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगा आणि मुलगी या तिघांचे समान हिस्से होतात, आणि मुलीचं लग्न झालं म्हणून तिचा हिस्सा जात नाही. म्हणजे ज्याने टोकन घेतलं त्याचा फ्लॅटमध्ये एक तृतीयांश हिस्सा होता. उरलेल्या दोन हिश्श्यांच्या मालकिणींची पावतीवर सही नव्हती, आणि त्यांतल्या एकीला तर घर विकायला काढलंय हेही माहीत नव्हतं.

मी दोघांना समोर बसवून एक कोरा कागद घेतला आणि या व्यवहारात आत्तापर्यंत आलेल्या प्रत्येक माणसाचं नाव लिहायला सांगितलं. प्रत्येक नावापुढे दोन प्रश्न: याला पैसे कोण देतं? आणि व्यवहार मोडला तर याचं काय बुडतं? ब्रोकरला दोन्हीकडून एकेक टक्का, तोही करार नोंदला गेला तरच. कर्ज करून देणाऱ्याचे पैसे कर्ज वाटप झाल्यावर. ब्रोकरच्या वकिलाची फी ब्रोकरमार्फत. बँकेचा वकील आणि बँकेचा मूल्यांकनकार यांचे अहवाल बँकेला जातात. फी घेणाऱ्याच्या खिशातून जात असली, तरी ते बँकेची रक्कम सुरक्षित आहे का एवढंच पाहतात. कागद भरला तेव्हा नवरा बराच वेळ त्याकडे बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे आमचं असं कुणीच नाही यात."

ब्रोकरला मी खलनायक ठरवत नाही. त्याने घर शोधलं, दोन्ही बाजूंच्या वेळा जुळवल्या, पुढे सोसायटीच्या सचिवांकडून कागद मिळवताना त्याचीच मदत झाली. ते त्याचं काम आणि ते त्याने चोख केलं. चूक झाली ती एकाच माणसाकडून सगळ्या कामांची अपेक्षा ठेवण्यात.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, आहे तसं पुढे जायचं. युक्तिवाद असा की, बँक तपासतेच ना? बँक तपासते हे खरं. पण बँकेच्या वकिलाने बहिणीचा मुद्दा काढला असता तर तो कर्ज मंजुरीच्या अगदी शेवटी, तोवर विक्रीच्या आणखी काही हप्त्यांची तारीख उलटून गेली असती. आणि इमारतीच्या तब्येतीबद्दल, सोसायटीच्या देण्यांबद्दल बँक फारसं विचारत नाही.

दुसरा पर्याय, सोडून द्यायचं. नवऱ्याचा कल इकडे होता. एक लाख गेले तर गेले. मला स्वतःला त्या पावतीतली अट टिकेल असं वाटत नव्हतं, कारण विकणाऱ्याकडे पूर्ण हक्कच नव्हता. पण एक लाखासाठी कोर्टात जाण्यात किती वर्षं जातील, हेही मी सांगितलं.

तिसरा पर्याय, थांबायचं, आपली माणसं नेमायची आणि अटी नव्याने मांडायच्या. आपली माणसं म्हणजे तीन: कागदांसाठी वकील, बांधकामासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर, करासाठी सीए. तिघांची मिळून फी ६५ हजारांच्या आसपास जाणार होती. तिने विचारलं, "आणि एवढं करून व्यवहार झाला नाही तर?" मी म्हटलं, तर ६५ हजार खर्च होतील आणि कशात पडणार होता ते कळेल. माझी फी व्यवहार झाला किंवा मोडला तरी तेवढीच राहील, हे मी त्याच दिवशी लिहून दिलं. इंजिनिअर आणि सीए यांच्याकडूनही तसंच लिहून घेतलं.

दोघांनी दोन दिवस घेतले आणि तिसरा पर्याय निवडला.

काय केलं

सगळ्यात आधी टोकनची पावती बदलली. आई, मुलगा आणि घेणारे यांच्यात एक समजुतीचा करार केला: मालकी हक्क ९० दिवसांत निर्वेध दाखवता आला नाही तर एक लाख परत, आणि तोवर पुढचा एकही पैसा नाही. मुलगा आधी चिडला. पण आईंनी वाचून लगेच सही केली. त्या मला म्हणाल्या, "मी त्याला सांगत होते, बहिणीला विचार म्हणून."

इंजिनिअर पुढच्याच रविवारी आला. हा दिवस मला थोडा सविस्तर सांगायचा आहे, कारण घेणाऱ्यांचा सगळ्यात जास्त पैसा त्या दोन तासांत वाचला. त्याच्याकडे एक लहान हातोडी, टॉर्च, टेप आणि महापालिकेच्या मंजूर नकाशाची प्रत होती. बैठकीच्या खोलीत तो फार थांबला नाही. बाथरूममध्ये स्टुलावर चढून त्याने छताच्या प्लास्टरवर हातोडीच्या दांड्याने ठोकायला सुरुवात केली. टक्, टक्, टक्, आणि मग एका कोपऱ्यात आवाज बदलला, मडक्यावर टिचकी मारल्यासारखा. "पोकळ आहे," तो म्हणाला, आणि तिला वर बोलावून तिच्याच हाताने दोन्ही ठिकाणी ठोकायला लावलं. नव्या रंगाखालून तपकिरी रेघ उतरलेली टॉर्चच्या तिरप्या उजेडात दिसली. वरच्या मजल्यावरच्या काकूंना विनंती करून त्यांच्या बाथरूमच्या जमिनीवर २४ तास पाणी साठवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो कोपरा ओला होता.

मग त्याने त्या 'जादाच्या खोलीत' नकाशा उघडला. नकाशात तिथे खोली नव्हती, उघडी टेरेस होती. कुणीतरी कधीतरी स्लाइडिंग खिडक्या लावून, वर पत्रा टाकून ती बंद केली होती, आणि ८२ लाखांच्या किमतीत तिचं क्षेत्रफळ खोली म्हणून धरलं होतं.

निघताना त्याने सचिवांकडे शेवटच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागितला. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. शेवटचं ऑडिट २०१७ चं निघालं. सचिव सहज बोलून गेले, "आता मोठी दुरुस्ती काढतोच आहोत की." इंजिनिअरने लगेच वार्षिक सभेचं इतिवृत्त मागितलं. ठराव झालेला होता: प्रत्येक फ्लॅटमागे १ लाख ८० हजार रुपये. विकणाऱ्या मुलाने ते सांगितलं नव्हतं. लपवलं असं मी म्हणणार नाही, कदाचित त्याच्या डोक्यात तो खर्च नव्या मालकाचाच होता.

माझ्या बाजूने मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा शोध घेतला, दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस दिली आणि हरकतींसाठी १४ दिवस थांबलो. फ्लॅटवर बोजा नव्हता. जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, अजून झालेलं नव्हतं, तेवढं अहवालात नोंदवलं.

आता बहीण. इथे माझी स्वतःची एक चूक झाली आणि तीन आठवडे गेले. मी गृहीत धरलं की ती आईच्या नावे हक्कसोड पत्र देईल, कारण अशा घरांत बहुतेकदा तसंच होतं. मी मसुदा तयार करून पाठवूनही दिला. उत्तर आलं नाही. शेवटी जानेवारीत एका रात्री साडेनऊला, तिच्याकडे सकाळ असताना, व्हिडिओ कॉल लावला. आई, भाऊ, घेणारे दोघं आणि मी, सगळे फ्लॅटच्या हॉलमध्ये. ती आधी खोलीकडेच बघत होती. म्हणाली, "दादा, कॅमेरा जरा खिडकीकडे कर." मग म्हणाली, "मला पैशाचं एवढं नाही. पण मला कुणी विचारलंच नाही. डायरेक्ट सही करायचा कागद आला." भाऊ खाली मान घालून बसला. तो कागद माझा होता. मी तिची माफी मागितली.

तिने तिथेच सांगितलं की विक्रीला तिची ना नाही, पण वडिलांच्या घरातला हिस्सा तिला हवा आहे. म्हणजे ती विकणाऱ्यांपैकी एक होणार. कुणीतरी सुचवलं की कागदावर हक्कसोड करू आणि पैसे नंतर घरातल्या घरात देऊ. मी आणि सीए दोघांनीही ते नाकारलं. कर चुकवण्यासाठी केलेला खोटा कागद उद्या घेणाऱ्यांच्या मालकीवरच प्रश्न उभा करतो.

ती अनिवासी असल्यामुळे करकपातीचं (टीडीएसचं) गणित बदललं, आणि सीएची फी इथे वसूल झाली. ब्रोकरकडच्या माणसाचं म्हणणं होतं, "प्रत्येकाच्या वाट्याला ५० लाखांच्या आत येतात, टीडीएसचा प्रश्नच नाही." ते चूक होतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून कायद्यात स्पष्ट केलं होतं की ५० लाखांची मर्यादा सगळ्या विकणाऱ्यांची मिळून मोजायची. त्यामुळे आई आणि भावाच्या हिश्श्यावर कलम १९४-आयए खाली एक टक्का कापायचाच होता. बहिणीच्या हिश्श्याला हे कलम लागूच होत नव्हतं, तिथे कलम १९५. २३ जुलै २०२४ पासूनच्या दीर्घकालीन भांडवली नफ्याचा दर साडेबारा टक्के, वर चार टक्के उपकर, म्हणजे १३ टक्के. आणि कापला नाही तर आयकर खातं वसुली घेणाऱ्यांकडून करतं, परदेशातल्या विकणारीच्या मागे आधी जात नाही.

कमी दराने कपात करता येईल असा आयकर खात्याचा दाखला घ्यायचा का, हा खरा निर्णयाचा क्षण होता. सीएने कागदावर मांडून दाखवलं. पुढे ठरलेल्या ७५ लाखांच्या किमतीत, बहिणीच्या २५ लाखांच्या हिश्श्यावर पूर्ण कपात ३ लाख २५ हजार. खरेदीची किंमत म्हणून २००१ चं बाजारमूल्य वजा करून निघणारा प्रत्यक्ष कर साधारण २ लाख ९९ हजार. फरक २६ हजारांचा, आणि दाखल्यासाठी दीड-दोन महिने. बहिणीनेच ठरवलं, "पूर्ण कापा, मी रिटर्न भरून परत घेईन." भारतातून ऐकीव सल्ला घेतला असता तर दाखल्याशिवाय काहीच करू नका असं सांगणारे पुष्कळ भेटले असते.

फेब्रुवारीत बँकेचं मूल्यांकन आलं. मूल्यांकनकाराने टेरेस मोजली नाही आणि ७४ लाख लावले. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला मूल्याच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि मुद्रांक शुल्क त्यात धरत नाहीत. म्हणजे कर्ज ५९ लाख २० हजार. ८२ लाखांना घ्यायचं तर, त्याच्या ८० टक्के कर्ज मिळेल या त्यांच्या अंदाजापेक्षा ६ लाख ४० हजार जास्त खिशातून घालावे लागले असते. पण तोवर आमच्या हातात इंजिनिअरचा फोटोंसह अहवाल होता. टेरेस, बाथरूमची ओल, दुरुस्तीचा ठराव, तिन्ही गोष्टी समोर ठेवून आईंशी बोलणी झाली. ७५ लाखांवर ठरलं.

निष्पत्ती

करारनामा एप्रिलमध्ये नोंदवला गेला. बहिणीने कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) आईच्या नावे दिलं, भावाच्या नाही. ते तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित होऊन आलं आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याला मुद्रांक लावून घेतला.

नाव कुणाचं लावायचं, हा शेवटचा मोठा निर्णय होता. घर एकट्या स्त्रीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. पुणे महापालिका हद्दीत सातऐवजी सहा टक्के. इथे ते ७५ हजार रुपये होतात. पतीचं नाव जोडलं की सवलत जाते. दोघंही नव्या करप्रणालीत असल्याने राहत्या घराच्या व्याजाची वजावट तशीही मिळणार नव्हती, म्हणून सीएच्या मते तिच्या एकटीच्या नावात काही नुकसान नव्हतं. तिनेच नकार दिला. "डाउन पेमेंटमध्ये यांच्या वडिलांचे पैसे आहेत. आणि त्या ताईंचा चेहरा मी बघितलाय. कुणाला न विचारता राहिलेलं नाव नको." दोघांची नावं लागली. पैशाच्या हिशोबात हा महाग निर्णय होता. मला तो पटला.

भारतातले दोन विकणारे आणि दोन घेणारे म्हणून टीडीएस भरण्याचे, २६क्यूबीचे, चार अर्ज भरले, प्रत्येकी साडेबारा हजारांचे. बहिणीच्या कपातीसाठी दोघा घेणाऱ्यांना वेगवेगळा टॅन (कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक) घ्यावा लागला. तिचा कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत भरला आणि तिमाही विवरण जुलैत गेलं. सोसायटीने हस्तांतरण अधिमूल्यासाठी, म्हणजे फ्लॅट नव्या मालकाच्या नावावर करण्यासाठी, ७५ हजार मागितले होते. राज्य सरकारच्या २००१ च्या परिपत्रकातली २५ हजारांची कमाल मर्यादा दाखवल्यावर तो विषय एका बैठकीत संपला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं उघड आहे: टोकन देण्याआधी वकील. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो इंजिनिअरचा क्रम. लोक त्याला सगळ्यात शेवटी बोलावतात, किल्ली हातात आल्यावर, फर्निचरच्या आधी. तोवर त्याच्या अहवालाचा उपयोग फक्त हळहळण्यापुरता उरतो. इथे तो किंमत ठरण्याआधी आला, म्हणून सात लाख कमी झाले.

बँकेला तांत्रिक मूल्यांकन आधी करायला सांगता आलं असतं. मंजूर नकाशा पहिल्याच दिवशी दिला असता तर टेरेसचा प्रश्न बँकेपुढेही डिसेंबरातच आला असता.

तिघे तज्ज्ञ एकमेकांशी बोलत नव्हते, हीही उणीव. इंजिनिअरला सापडलेला दुरुस्तीचा ठराव मला आठ दिवसांनी कळला, तोही घेणाऱ्या शिक्षिकेकडून. आता मी अशा कामात सुरुवातीलाच तिघांचा एकत्र फोन लावते, आणि घेणाऱ्यांपैकी एकाला सगळे कागद एका फाइलमध्ये ठेवायला सांगते. इथे ते काम तिने केलं. वहीत तारखा, कोण काय म्हणालं, पुढे कुणाकडून काय यायचं आहे. शाळेतल्या हजेरीपटासारखी ती वही होती, आणि आम्हा तिघांपेक्षा व्यवहाराची पूर्ण माहिती तिलाच होती.

बहिणीला कागद पाठवण्याआधी फोन करायला हवा होता, हे मी वर लिहिलंच आहे.

आणि अभिहस्तांतरण. माझ्या अहवालात ते एका ओळीत होतं. जमीन अजून बिल्डरच्या नावावर असणं म्हणजे उद्या पुनर्विकास काढला तर सोसायटीची बाजू लंगडी, आणि मग फ्लॅट मालकीच्या मोफा कायद्याखाली मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन नावावर होण्यासाठी, अर्ज करावा लागणार, हे मी तोंडी समजावून सांगितलं नाही. ते त्यांना राहायला गेल्यावर पहिल्या सभेत कळलं. नवरा आता सोसायटीच्या समितीत आहे आणि त्या अर्जाचे कागद गोळा करतो आहे. परवा १९९४ चा मंजूर नकाशा मागायला आला होता. त्याची प्रत इंजिनिअरच्या फाइलमध्ये निघाली.